स्नायूभोवतीचे द्रव्य आणि वणाची उत्पत्ती

रोगाचे मूळ जेथे असते तेथेच त्याचे सारे भवितव्य ठरते, असा समज सामान्य माणसाप्रमाणे वैद्यकशास्त्राचाही दीर्घकाळ होता, आणि आनुवंशिक रोगांच्या बाबतीत तर तो विशेषच दृढ होता. कारण जनुकातील दोष एकदा निश्चित झाला, की पुढची सर्व लक्षणे त्यातून अपरिहार्यपणे निष्पन्न होणार, असे मानण्यात बुद्धीला एक प्रकारचे समाधान लाभते. परंतु मुलग्यांच्या स्नायूंचा क्रमाक्रमाने नाश करणाऱ्या डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या व्याधीचा अभ्यास जसजसा खोल गेला, तसतसे असे दिसून आले, की दोष तोच असतानाही, किंबहुना कधी कधी कुटुंबही तेच असतानाही, एका मुलाचे चालणे दहाव्या वर्षीच थांबते, तर दुसरा आणखी काही वर्षे स्वतःच्या पायांवर उभा राहू शकतो. या अंतराचा शोध घेताना संशोधकांची दृष्टी स्नायुपेशीच्या अंतर्भागातून तिच्या परिसराकडे वळली. आणि रोगाचा आरंभ जरी पेशीच्या आत होत असला, तरी त्याची गती आणि परिणती बऱ्याच अंशी पेशीभोवतीचे रेणू ठरवितात, हे सत्य हळूहळू उघड झाले. त्या रेणूंचा कारभार कसा चालतो आणि त्यात बिघाड झाला म्हणजे स्नायूच्या जागी वण कसा माजतो, हे येथे सांगावयाचे आहे.

प्रथम स्नायूची रचना ध्यानात घेतली पाहिजे. एकेक स्नायुतंतू ही अनेक केंद्रके असलेली एक अतिशय लांब पेशी असते, आणि तिच्या पृष्ठभागाला सर्व बाजूंनी लगटून आधारपटल नावाचे एक अत्यंत पातळ आवरण असते, ज्यात लॅमिनिन आणि चौथ्या प्रकारचे कोलॅजेन ही प्रथिने परस्परांत गुंतलेली असतात. या आवरणाबाहेर संयोजी ऊतकाचा एक नाजूक थर प्रत्येक तंतूला वेढतो, दुसरा अधिक जाड थर तंतूंच्या जुडग्याला, आणि तिसरा सबंध स्नायूला. या सर्वांस मिळून पेशीबाह्य आधारद्रव्य म्हणतात. त्यातूनच केशवाहिन्या आणि मज्जातंतू आपला मार्ग काढतात, त्याच्याच द्वारे तंतूने उत्पन्न केलेले बल कंडरेपर्यंत आणि तेथून अस्थीपर्यंत पोहोचते, आणि त्याच्याच आश्रयाने, स्नायुतंतू व आधारपटल यांच्यामधल्या अरुंद जागेत, त्या मूलपेशी वास करतात ज्या अलेक्झांडर मॉरो यांना १९६१ साली बेडकाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम दिसल्या. स्नायूला इजा झाली म्हणजे याच पेशी जाग्या होतात, विभागतात आणि नवे तंतू घडवितात. सारांश, आधारद्रव्य ही पेशींमधली रिकामी जागा भरून काढणारी निर्जीव सामग्री नसून स्नायूच्या बलवहनाची, पोषणाची आणि पुनर्निर्मितीची ती भूमीच आहे.

या भूमीत काही विपरीत घडते, याची नोंद व्याधीच्या पहिल्या वर्णनांपासूनच झालेली आढळते. लंडनचे एडवर्ड मेरिऑन यांनी १८५२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात एकाच घरातील भावांना जडलेल्या या रोगाचे वर्णन करून, स्नायुतंतूचे आवरणच भंग पावलेले असते, असे सूक्ष्मदर्शकाच्या आधारे लिहून ठेवले. पुढे फ्रान्समध्ये गीयोम डुशेन यांनी जिवंत रुग्णाच्या स्नायूचा बारीकसा तुकडा काढून घेता येईल असे एक सुईसारखे उपकरण तयार केले, आणि रोगाच्या निरनिराळ्या अवस्थांमध्ये घेतलेल्या अशा तुकड्यांचे निरीक्षण करून त्यांनी १८६८ साली असे प्रतिपादिले, की तंतूंच्या दरम्यान संयोजी ऊतकाची अतिरिक्त वाढ होते आणि तिच्या पाठोपाठ मेद साचतो. पोटऱ्या पुष्ट दिसाव्यात आणि मुलाला मात्र जिना चढवू नये, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात रोवून त्याला उभे राहावे लागावे, या विसंगतीचा उलगडा त्या निरीक्षणाने बराचसा झाला. कारण त्या पुष्ट पोटरीत स्नायूची जागा वणाने आणि मेदाने व्यापलेली असते.

मेरिऑन यांनी पाहिलेला आवरणभंग कशामुळे होतो, हे कळण्यास मात्र सव्वाशेहून अधिक वर्षे जावी लागली. बोस्टन येथील लुई कुंकेल यांच्या प्रयोगशाळेने १९८६ साली एक्स गुणसूत्रावरील संबंधित जनुक शोधून काढले, आणि दुसऱ्याच वर्षी एरिक हॉफमन व कुंकेल प्रभृतींनी त्यापासून घडणाऱ्या प्रथिनास डिस्ट्रोफिन असे नाव दिले. सुमारे २२ लाख अक्षरांचे आणि ७९ खंडांचे हे जनुक मनुष्याच्या सर्वांत मोठ्या ज्ञात जनुकांपैकी एक असल्यामुळे त्यात दोष उत्पन्न होण्याचा संभवही मोठा असतो, आणि जन्मास येणाऱ्या सुमारे साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकास ही व्याधी होते. त्यानंतर आयोवा येथील केव्हिन कॅम्पबेल यांच्या गटाने दाखवून दिले, की डिस्ट्रोफिन एका टोकाने पेशीच्या अंतर्गत सांगाड्यास धरते आणि दुसऱ्या टोकाने पेशीपटलातील प्रथिनसमूहास; त्या समूहातील डिस्ट्रोग्लायकन पटलाबाहेर आधारपटलातील लॅमिनिनला घट्ट पकडून असते. म्हणजे आतला सांगाडा, मधले पटल आणि बाहेरचे आधारद्रव्य या तिहींचा सांधा जेथे आहे, नेमका तेथेच या रोगाचा उगम आहे. डिस्ट्रोफिन नसले, की प्रत्येक आकुंचनाचा ताण पटलावर पडून ते जागोजागी फाटते, कॅल्शियम आत शिरते, क्रिएटिन कायनेजसारखी विकरे रक्तात गळतात, आणि अखेरीस तंतू मरतो.

आता वणाचा प्रश्न येतो. वण उत्पन्न होणे ही शरीराची हितकारक क्रिया आहे, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. निरोगी माणसाच्या स्नायूस मार लागला, की काही तासांतच श्वेतपेशी तेथे जमतात, पाठोपाठ भक्षकपेशी मृत तंतूंचे अवशेष साफ करतात, आणि त्याच वेळी परिसरातील संयोजी पेशी कोलॅजेनचे तात्पुरते आधारतंतू विणतात, जेणेकरून नवा तंतू तयार होईपर्यंत स्नायूची बांधणी टिकून राहावी. या संयोजी पेशींचे मूळ २०१० साली व्हँकूव्हर येथील आणि जपानमधील अशा दोन गटांनी स्वतंत्रपणे निश्चित केले: स्नायूच्या अंतराळांत राहणाऱ्या या जनकपेशींतून परिस्थितीनुसार तंतुजनक पेशीही होऊ शकतात आणि मेदपेशीही. मूलपेशींच्या वाढीस साहाय्य करणे हे त्यांचे नित्याचे कर्तव्य. पण काम आटोपले, की त्यांची संख्या घटणे अगत्याचे असते. पुढे उंदरांवरील प्रयोगांत, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, असे आढळले, की इजेच्या आरंभी भक्षकपेशींनी स्रवलेला टीएनएफ हा रेणू या जनकपेशींना मृत्यूचा आदेश देतो, तर टीजीएफ-बीटा नावाचा दुसरा रेणू त्यांना जीवदान देऊन कोलॅजेन निर्माण करण्यास प्रवृत्त करतो. एकदाच झालेल्या इजेत हे दोन आदेश आपापल्या वेळी येतात आणि आपापल्या वेळी मावळतात. पण डिस्ट्रोफिनरहित स्नायूत एक तंतू आज फाटतो, शेजारचा आठवड्यापूर्वी फाटलेला असतो, आणि त्यापलीकडचा नुकताच भरून येत असतो. त्यामुळे आरंभाचे आणि समाप्तीचे आदेश एकाच जागी एकाच वेळी मिसळतात, जनकपेशींची घट होतच नाही, आणि तात्पुरते म्हणून विणलेले कोलॅजेन कायमचे ठाण मांडून बसते.

या कोलॅजेनविषयी येथे थोडे अधिक सांगणे युक्त होईल, कारण त्याच्या घडणीचे रहस्य उलगडण्याचा मान भारतातील संशोधकांकडे जातो. मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४ व १९५५ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने असे सिद्ध केले, की कोलॅजेनच्या रेणूत तीन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घालून राहतात. या अभ्यासात कांगारूच्या शेपटीतील कंडरेचा उपयोग झाला होता. ही त्रिवेणी रचना स्थिर राहावी म्हणून तीतील प्रोलीन या अमिनो आम्लावर एक रासायनिक संस्कार व्हावा लागतो, आणि त्या संस्कारास क जीवनसत्त्व आवश्यक असते. अशा रीतीने बनणारे हायड्रॉक्सिप्रोलीन इतर प्रथिनांत अगदी विरळ असल्यामुळे, एखाद्या स्नायूत वण किती माजला आहे हे मोजण्यासाठी प्रयोगशाळेत त्याचेच प्रमाण काढतात. कोलॅजेनच्या सूत्रांना परस्परांशी जखडणारी विकरे जसजशी आपले काम करीत जातात, तसतसा वण अधिक कठीण आणि विघटनास अधिक दुर्दम्य होतो; म्हणूनच कोवळा वण आणि जुना वण यांत केवळ वयाचा नव्हे, तर स्वभावाचाही भेद असतो.

कोलॅजेनच्या निर्मितीचा आदेश देणाऱ्या टीजीएफ-बीटाची व्यवस्था या सर्व प्रकरणात सर्वांत विलक्षण आहे. हा रेणू पेशीतून बाहेर पडतो तो कार्यक्षम स्वरूपात नव्हे. सरकारी खजिन्यात एखादी रक्कम मोहोरबंद थैलीत घालून, रखवालदाराच्या हवाली करून अमानत ठेवावी, तद्वत् त्याच जनुकापासून बनलेल्या एका खंडात तो बंदिस्त असतो, तो खंड पुन्हा एलटीबीपी नामक मोठ्या प्रथिनाशी जोडलेला असतो, आणि हे प्रथिन त्यास आधारद्रव्यातील फायब्रिलिन व फायब्रोनेक्टिन यांच्या तंतूंशी बांधून ठेवते. मोहोर फोडण्याचे मार्ग ठरलेले आहेत: प्रथिने चिरणारी विकरे एलटीबीपीचा लवचीक भाग तोडतात, किंवा पेशीपृष्ठावरील इंटिग्रिन ही प्रथिने बंदिस्त खंडास धरून ओढतात आणि त्या ताणाने आतला रेणू मोकळा होतो. मोकळा झालेला टीजीएफ-बीटा जवळच्या पेशीच्या ग्राहीला जाऊन लागतो, आणि तेथून स्मॅड नावाची प्रथिने केंद्रकापर्यंत संदेश नेऊन कोलॅजेनची जनुके कार्यान्वित करतात. तोच रेणू मूलपेशींना पक्व तंतू होण्यापासून परावृत्तही करतो. म्हणजे वणाची वाढ आणि नवनिर्मितीचा अडथळा ही दोन्ही अनिष्टे एकाच कारणापासून संभवतात. शिवाय आधारद्रव्य जितके ताठर, तितकी इंटिग्रिनची ओढ प्रभावी, आणि जितकी ओढ प्रभावी तितका अधिक टीजीएफ-बीटा मोकळा. अशा प्रकारे वणच नव्या वणाला कारण होऊ लागतो.

परिसरातील रेणूंचे हे माहात्म्य निर्विवादपणे सिद्ध झाले ते उंदरांच्या वंशभेदातून. डिस्ट्रोफिन नसलेला, एमडीएक्स या नावाने ओळखला जाणारा उंदीर १९८४ पासून संशोधकांच्या परिचयाचा होता. परंतु दोष माणसातल्यासारखाच असूनही या उंदराची प्रकृती पुष्कळ बरी राही, आणि मनुष्याच्या रोगाशी तुल्य असा वण त्याच्या श्वासपटलात तेवढा आढळे. हाच दोष डीबीए/२ नामक दुसऱ्या वंशात संक्रमित केला, तेव्हा मात्र रोग कितीतरी उग्र झाला. शिकागो विद्यापीठात एलिझाबेथ मॅकनॅली यांच्या गटाने निकटच्याच एका स्नायुरोगाने ग्रस्त उंदरांमध्ये सौम्य आणि उग्र वंशांचा संकर करून, प्रत्येक संततीच्या स्नायूंतील हायड्रॉक्सिप्रोलीन व पटलाची गळती मोजून, या भेदास कारणीभूत होणारे जनुक शोधले, आणि २००९ साली ते एलटीबीपी-४ असल्याचे जाहीर केले. उग्र वंशात या जनुकातील केवळ ३६ अक्षरे गळालेली होती, ज्यामुळे प्रथिनाच्या लवचीक भागातील १२ अमिनो आम्ले कमी पडत होती. आणि असे तोकडे प्रथिन विकरांनी अधिक सहज चिरले जाऊन टीजीएफ-बीटा अधिक सुटत असे. रोगाचा मूळ दोष ज्या जनुकात आहे त्याच्याशी या ३६ अक्षरांचा काहीही संबंध नाही. तरीही रोगाची तीव्रता त्यांनी पालटली.

उंदरात आढळले ते माणसात आढळेलच असे गृहीत धरता येत नाही, म्हणून या शोधाची पडताळणी डुशेन रोगाच्या मुलांमध्ये करण्यात आली. केव्हिन फ्लॅनिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखविले, की मनुष्याच्या एलटीबीपी-४ जनुकाचे चार ठिकाणी भिन्न असलेले जे एक रूप आहे, ते माता आणि पिता या दोघांकडूनही ज्या मुलास मिळालेले असते, त्याचे चालणे इतरांपेक्षा उशिरा, स्टेरॉइड घेणाऱ्या मुलांत तर सरासरीने सुमारे दोन वर्षांनी उशिरा, थांबते. याआधी २०११ साली इटलीतील एलेना पेगोरारो यांच्या गटाने ऑस्टिओपॉन्टिन या दाहकालीन प्रथिनाच्या जनुकातील एका भेदाचा संबंध रोगाच्या तीव्रतेशी जोडला होता. दोन वर्षे ही निरोगी माणसाच्या हिशेबात किरकोळ वाटतील. परंतु दहा-बारा वर्षांच्या मुलाला शाळेत स्वतःच्या पायांनी जाता येणे, पाठीचा कणा वाकण्यास विलंब लागणे, श्वसनाचे बळ अधिक काळ टिकणे, हे सारे त्या दोन वर्षांत सामावलेले असते, आणि म्हणून त्यांचे मोल त्या मुलाच्या आईबापांस विचारावे.

वणाला अनुकूल आणि प्रतिकूल अशा इतरही रेणूंची गणना करता येईल. डेकोरिन नावाचे लहानसे शर्करायुक्त प्रथिन टीजीएफ-बीटाला बांधून त्याचा प्रभाव आवरते, हे १९९० पासून ज्ञात आहे. रक्त गोठविणारे फायब्रिनोजेन रुग्ण स्नायूत झिरपून साचते आणि भक्षकपेशींना चेतवून टीजीएफ-बीटाची निर्मिती वाढविते, असे पुरा मुन्योस-कानोवेस यांच्या बार्सिलोना येथील गटाने २००८ साली उंदरांत दाखविले. पण आधारद्रव्याचे महत्त्व पटविण्यास याहून प्रबळ पुरावा सहाव्या प्रकारच्या कोलॅजेनचा आहे. त्याच्या जनुकांत दोष असला तर उलरिख आणि बेथलेम या नावांचे स्नायुरोग होतात. तेथे डिस्ट्रोफिन पूर्णतः शाबूत असते, दोष संयोजी पेशींनी निर्माण करावयाच्या बाह्य द्रव्यात असतो, आणि तरीही स्नायूच दुर्बळ होतो. शिवाय या कोलॅजेनच्या अभावी स्नायूचा परिसर प्रमाणाबाहेर मऊ होतो आणि मूलपेशींची आपली संख्या राखण्याची शक्ती खालावते. म्हणजे परिसर फाजील कठीण झाला तरी हानी आणि फाजील मऊ झाला तरी हानी. विशिष्ट प्रमाणातील दृढता हीच मूलपेशींस मानवते.

या ज्ञानाचा उपयोग उपचारात कितपत झाला आहे? प्रेडनिसोनसारखी स्टेरॉइडे या रोगात गुणकारी असल्याचे १९८९ साली चाचणीने सिद्ध झाले, आणि दाह आवरून ती वणाची गती अप्रत्यक्षपणे मंदावतात. हृदय हाही स्नायूच असल्याने त्यातही वण होतो आणि पुढे तोच प्राणघातक ठरतो. अँजिओटेन्सिन हा रक्तदाबवर्धक रेणू टीजीएफ-बीटाला उत्तेजन देत असल्यामुळे त्यास रोखणारी औषधे हृदय दुर्बळ होण्यापूर्वीच सुरू केल्यास लाभ होतो, असे फ्रान्समधील पेरिंडोप्रिलच्या चाचणीने २००५ साली दाखविले. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये सहा वर्षे व त्यावरील रुग्णांसाठी मान्यता मिळालेले गिव्हिनोस्टॅट हे औषध जनकपेशींचा कल वण आणि मेद यांपासून वळवून स्नायूच्या पुनर्निर्मितीस अनुकूल करते, असे त्याआधीच्या प्रयोगांतून दिसले होते. उलटपक्षी, संयोजी ऊतकाच्या एका वृद्धिघटकास अडविणाऱ्या प्रतिपिंडाच्या मोठ्या चाचण्या २०२३ साली निष्फळ ठरल्या. टीजीएफ-बीटाला सरसकट बंदी घालणे तर धोक्याचेच आहे. कारण तो प्रतिकारशक्तीला लगाम घालणाराही रेणू आहे, आणि टीजीएफ-बीटा-१ हा त्याचा मुख्य प्रकार मुळातच नसलेले उंदीर जन्मानंतर काही आठवड्यांतच तीव्र दाहाने मरतात, हे १९९२ पासून ठाऊक आहे. म्हणूनच मॅकनॅली यांच्या गटाने २०२१ साली प्रसिद्ध केलेली दिशा अधिक विवेकाची वाटते: टीजीएफ-बीटाला हात न लावता, एलटीबीपी-४ च्या ज्या लवचीक भागावर विकरांचा घाला पडतो त्याचेच प्रतिपिंडाने संरक्षण करावे. उंदरांत या उपायाने वण कमी झाला आणि स्नायूचे बल सुधारले.

जनुकोपचाराच्या या काळात, मूळ दोष दुरुस्त करता आला तर परिसराची एवढी चर्चा कशास, असा आक्षेप कोणी घेईल. त्याचे उत्तर असे, की जनुक नेऊन पोहोचवावयाचे ते स्नायुतंतूत. आणि जेथे तंतूच उरला नाही, कोलॅजेन आणि मेद यांनीच जागा व्यापली आहे, तेथे नवे जनुक कोणाच्या उपयोगी पडणार? पॅरिस येथील इसाबेल देगेर यांच्या अभ्यासात २००९ साली असे आढळले, की बालपणी घेतलेल्या स्नायूच्या तुकड्यातील इतर विकृतींपेक्षा तंतूंभोवतीच्या वणाचे प्रमाणच त्या मुलाच्या पुढील हालचालींचे अधिक विश्वसनीय भाकीत करते. मूळ दोषावरील इलाज आणि परिसरावरील इलाज हे परस्परांचे प्रतिस्पर्धी नव्हेत. दुसऱ्याने राखून ठेवलेल्या स्नायूवरच पहिल्याचा अंमल बसू शकतो.

यातून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष प्रत्येक घरातील वडीलधाऱ्यांनी आणि गावोगावच्या डॉक्टरांनी मनावर घ्यावा इतका महत्त्वाचा आहे. अनेक देशांत या रोगाचे निदान होईपर्यंत मूल चार-पाच वर्षांचे होते, आणि तोवर वणाचा आरंभ होऊन गेलेला असतो. मुलगा उशिरा चालू लागला, वारंवार पडू लागला, टाचा उचलून चवड्यांवर चालू लागला, किंवा उठताना मांड्यांवर हात टेकू लागला, तर त्याच्या भरलेल्या पोटऱ्यांकडे पाहून निश्चिंत न राहता रक्तातील क्रिएटिन कायनेजची तपासणी विनाविलंब करून घ्यावी. ती साधी आहे, आणि या रोगात तिचा आकडा जन्मापासूनच नेहमीच्या कितीतरी पट वाढलेला असतो. निदान पक्के झाल्यावर सांध्यांचे नियमित व्यायाम, तज्ज्ञाच्या सल्ल्याने स्टेरॉइड, आणि लक्षणांची वाट न पाहता हृदयाची तपासणी, एवढा बंदोबस्त आजही आपल्या हाती आहे. कोवळा वण अजून परतवता येण्याजोगा असतो, जुना झालेला वण तसा राहत नाही. या एका भेदामुळे निदानातील प्रत्येक महिन्याची दिरंगाई मुलाच्या स्नायूतून वसूल होते, आणि ती टाळणे हे नव्या औषधाच्या शोधाइतकेच मोठे वैद्यकीय कर्तव्य आहे.